सिटी व्हीटेक, २००२ : गॅरेजची वही

२३ मार्च २०२५, रविवार. अनगोळ, बेळगाव

आजपासून वही सुरू. होंडा सिटी १.५ व्हीटेक, पहिल्या पिढीची, टाइप टू (म्हणजे तिचं नंतरचं, सुधारित रूप), अशी एक गाडी घ्यायची आणि ती कंपनीतून निघाली तशी उभी करायची. दुसरं असं की एक प्रश्न डोक्यातून जात नाही, तोही या वहीत सोडवायचा आहे: जुन्या, जोरात पळणाऱ्या गाड्यांना पुढे खरंच किंमत येते का? उद्यमबागेत, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, चहाच्या टपरीवर हे रोज चालतं. एक जण म्हणतो, घेऊन ठेव, दहा वर्षांत सोनं होईल. दुसरा म्हणतो, भंगार आहे ओ ते, किलोवर जाईल. दोघांपैकी कोणी कागद-पेन्सिल घेऊन बसलेलं मी बघितलेलं नाही.

ही गाडीच का, तेही लिहून ठेवतो. होंडा सिटी भारतात १९९८ला आली. व्हीटेक इंजिन थोडं नंतर आलं, १०६ बीएचपीचं, आणि त्या काळात रस्त्यावर त्याला तोड नव्हती. २००३ला नवी सिटी आली तेव्हा कंपनीने ॲव्हरेजला महत्त्व दिलं आणि ताकद ७७ बीएचपीवर आणली. म्हणजे ही गाडी दोन-तीन वर्षंच मिळाली. मी तेव्हा आरपीडी कॉलेजला बारावीत. कॉर्नरवर एक चंदेरी व्हीटेक दुसऱ्या गिअरमध्ये खेचत गेली की आम्ही चहा तसाच ठेवून बघत राहायचो. आवाज मध्येच बदलायचा, कोणीतरी आत दुसरं इंजिन चालू केल्यासारखा. आज मी चाळीस वर्षांचा आहे आणि तो आवाज अजून कानात आहे.

तीन गाड्या बघून झाल्या. पहिली कोल्हापूरची: स्प्रिंगा कापलेल्या, बंपर फायबरचा, सायलेन्सर फ्री-फ्लो, इंटेकला उघडा फिल्टर. मालक तरुण, प्रेमळ, गाडीवर लाखभर रुपये घातलेले. त्याला वाईट वाटू नये म्हणून पूर्ण ऐकून घेतलं, पण घ्यायची नाही हे बॉनेट उघडताच ठरलं होतं. दुसरी हुबळीची: रंग झगझगीत, पण चुंबक लावून बघितलं तर मागच्या दोन्ही चाकांवरच्या कमानीला धरेना. आत नुसती पुट्टी. तिसरी गडहिंग्लजच्या एका निवृत्त डॉक्टरांची. रंग उन्हाने फिका, सीटवर पांढरी खोळ, सगळ्या काचांवर कंपनीची एकच खूण, बॉनेटच्या आतला स्टिकर जागेवर, आणि डॅशबोर्डाच्या खणात पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिस पुस्तिका. ८७,४०० किलोमीटर. मी इंजिन चालू करायला सांगायच्या आधीच मनात घेतली होती.

मिस्त्री सोबत होते. त्यांनी दाराच्या बिजागऱ्यांचे बोल्ट बघितले, पाना लागल्याची खूण नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ओरिजिनल ऐती नोड्री." ओरिजिनल आहे, बघा. हा माणूस घरी कन्नड, गॅरेजमध्ये मराठी आणि पार्टवाल्याशी हिंदी बोलतो. गाडी मनापासून आवडली की मात्र कन्नडच येतं तोंडात.

१३ एप्रिल, रविवार

गाडी आणली. १,९०,०००. डॉक्टरसाहेबांनी किल्ली देताना बायकोला बाहेर बोलावलं आणि दोघं गाडीजवळ थोडा वेळ उभे राहिले. मी फोटो काढतो म्हटलं तर नको म्हणाले.

संकेश्वर ओलांडून हायवेला लागलो आणि दुपारी दोनच्या उन्हात चहाला थांबलो. परत किल्ली फिरवली तर स्टार्टर फिरतोय, इंजिन पकडत नाही. बॅटरी ठणठणीत. डॅशमध्ये किल्ली फिरवल्यावर पेट्रोल पंपाचा दोन सेकंद जो 'स्स' आवाज येतो, तोच नाही. चारी दारं उघडी टाकून वीसेक मिनिटं झाडाखाली बसलो. मग किल्ली फिरवली, 'स्स' झालं, गाडी सुरू. हत्तरगीचा टोल, वंटमुरीचा घाट, काकती, कुठे परत कुरकुर नाही.

१५ एप्रिल

दोष अंदाजाप्रमाणेच निघाला, मेन रिले. त्या काळच्या होंडांचं हे जुनं दुखणं. डॅशच्या खाली एक छोटी डबी असते, तिच्यातून इंजिनच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला वीज जाते. आतल्या सर्किटवरच्या सोल्डरच्या डागाला वर्षानुवर्षांच्या उष्णतेने बारीक तडे जातात. गाडी थंड असली की टोकं चिकटतात, तापली की सुटतात. डबी उघडून भिंगाखाली धरली. पिनेच्या भोवती केसाएवढी गोल रेघ, जणू कोणी सुईने कोरलेली. सात डाग जुनं कथील काढून नव्याने दिले. खर्च चाळीस रुपये आणि अर्धा तास.

याच आजाराने कितीतरी गाड्या "कॉम्प्युटर गेलाय" म्हणून भंगारात गेल्या असतील. चांगली गाडी संपते ती मोठ्या बिघाडाने कमी आणि चुकीच्या निदानाने जास्त, असं माझं मत होत चाललंय.

२७ एप्रिल, रविवार

आज या गाडीचा जीव सापडला.

तीन-चार हजार आरपीएमपर्यंत (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) गाडी छान, पण पाच हजारांच्या पुढे काहीच घडत नव्हतं. आवाज बदलत नव्हता. चेक इंजिनचा दिवा मधूनच लागायचा. सर्व्हिस कनेक्टरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या आणि किल्ली ऑन केली. दिवा लुकलुकायला लागला: दोन लांब, दोन आखूड. बावीस. म्हणजे व्हीटेकचा ऑइल प्रेशर स्विच. पुस्तकाप्रमाणे स्विच बदलायला हवा, पण मिस्त्रींनी मला हात धरून थांबवलं. "स्विच खोटं बोलत नसेल तर? प्रेशरच नसेल तर?"

व्हीटेकचं काम समजून घेतलं की हा प्रश्न किती बरोबर आहे ते कळतं. कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर, दोन प्रकारचे उंचवटे असतात. कमी आरपीएमला व्हॉल्व्ह लहान उंचवट्यावर चालतात. वर गेल्यावर कॉम्प्युटर सोलेनॉइड (विजेची झडप) उघडतो, ऑइल दाबाने रॉकरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीच्या, आत शिरतं, एक पिन सरकवतं आणि शेजारचे रॉकर एकत्र जखडले जातात. तिथून पुढे व्हॉल्व्ह मोठ्या उंचवट्यावर चालतात, जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात. आवाज बदलतो तो इथे. म्हणजे सगळा खेळ ऑइलच्या दाबावर.

इंजिनच्या हेडच्या मागच्या बाजूचा सोलेनॉइड सोडवला. त्याच्या गॅस्केटमध्येच एक जाळी असते, नखाएवढी. ती काळ्या चिखलाने पूर्ण बंद. गाडी अलीकडे वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटरच चालायची, डॉक्टर किलोमीटर बघून ऑइल बदलायचे, महिने बघून नाही. रॉकेलमध्ये जाळी धुतली, प्रकाशात धरली तर भोकं दिसायला लागली. नवं गॅस्केट बसवलं, ऑइल-फिल्टर बदललं. पुन्हा पाचशे किलोमीटरला बदलायचं.

संध्याकाळी खानापूर रोडला नेली. दुसरा गिअर, पाच हजार, आणि ते झालं. शेजारी धाकटा भाऊ होता, त्याला बारावीतलं काही माहीत नाही. तो फक्त म्हणाला, "काय झालं हे?" मी उत्तर दिलं नाही, देता आलं नाही.

११ मे, रविवार

टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप. बेल्टवर तारीख नाही, पुस्तिकेत नोंद नाही, म्हणून डोळे झाकून बदलायचा. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड जातं.

क्रँक पुलीचा बोल्ट हा या कामातला खरा डोंगर. बाकी गाड्यांना काही जण पाना अडकवून स्टार्टर मारतात आणि बोल्ट सुटतो. या होंडाचं इंजिन उलटं फिरतं, घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध. तो उद्योग केला तर बोल्ट आणखी आवळेल. पुलीला ५० मिलिमीटरचं षटकोनी तोंड आहे, ते धरायला खास हत्यार लागतं. आमच्या युनिटमध्ये टाकाऊ ईएन८ पोलादाचा तुकडा होता. मिलिंगवर षटकोन काढला, मधे सॉकेट जाण्यापुरतं भोक, मागे पाइप वेल्ड केला. पाऊण तासात हत्यार तयार. बोल्ट 'टक्क' करून सुटला तेव्हा शेजारच्या शेडमधली माणसं बघायला आली.

टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनवर लावली: इंटेक ०.२०, एक्झॉस्ट ०.२५ मिलिमीटर.

१ जून

पाऊस लवकर आला. शेडला ताडपत्री. काम बंद.

२९ जून, रविवार

मागच्या कमानी. डाव्या बाजूला आतून गंज, पाच बोटं मावतील एवढा. बेळगावचा पाऊस आणि चाकाने उडवलेला चिखल तिथेच साठतो. गंजलेला भाग कापून काढला, नवा पत्रा उद्यमबागेत वाकवून घेतला, वेल्ड, झिंक प्रायमर, आतून अंडरकोट.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी, कारण टपरीवरच्या वादाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे. बेळगावात लोखंडाचं काहीही बनतं. फाउंड्री आहे, लेथ आहे, ग्राइंडर आहे, हात आहेत. आमच्या गावात आरएक्स १०० मोटरसायकल मरत नाही ती याच कारणाने. ९८ सीसी, दोन स्ट्रोक, १९९६ला बंद झाली, तरी सिलिंडर बोअर करून, क्रँक भरून ती पुन्हा उभी राहते. तिच्यात मेंदू नाही, सगळं धातूचं. या सिटीचं तसं नाही. पत्रा, बुश, पुलीचं हत्यार, हे मी करीन. पण दारांची रबरं? डॅशचं प्लास्टिक? ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या आतला इग्नायटर? इंजिनचा कॉम्प्युटर? हे उद्यमबागेतल्या कुठल्याच लेथवर होत नाही. २००० सालानंतरच्या गाड्या पुढे किती टिकतील हे इंजिनवर ठरणार नाही, या चार गोष्टींवर ठरेल. म्हणून मोडलेल्या गाडीतून निघालेला एक कॉम्प्युटर आणि दोन मेन रिले मी आजच घेऊन कपाटात ठेवले, कापडात गुंडाळून.

पेट्रोलचे होजही बदलले. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल आहे आणि ही गाडी त्या काळातली नाही. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, टाकीत पाणी ओढतं. उभी ठेवायची गाडी असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवणं, किंवा सरळ दर पंधरवड्याला चालवणं. मी दुसरं करणार.

रंग मात्र पूर्ण मारायचा नाही असं ठरवलं. पेंटर हट्टाला पेटला होता: "सगळी मारू या ओ, नवी दिसंल." रंगाच्या जाडीचा मापक लावून दाखवला: छपरावर ११० मायक्रॉन, दारांवर १२० च्या आसपास. हा कंपनीचा रंग, २००२चा. तो एकदा गेला की परत येत नाही. फक्त दोन कमानी रंगवल्या, बाकी पॉलिश. फिका आहे, असू दे.

१३ जुलै, रविवार

कागद. सीमेवरच्या माणसाला गाडीपेक्षा कागदांचं काम मोठं.

गाडी एमएच-०९, म्हणजे कोल्हापूरच्या नंबराची, मी बेळगावचा. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची ना-हरकत, फॉर्म २८. मग नावबदलाचे २९ आणि ३०, इकडच्या नंबरासाठी २७, आणि कर्नाटकचा आजीवन कर, जो गाडीच्या वयाप्रमाणे घटत जातो.

दोघा-तिघांनी सुचवलं, "चंदगडला बहीण दिलीय न्हवं? तिच्या पत्त्यावर ठेव की. मूळ नंबर राहील, किंमत राहील." त्यात तथ्य आहे. संग्राहक मूळ नंबराला मान देतात, पहिल्या मालकापासून एकाच नंबरावर राहिलेली गाडी वेगळी समजली जाते. बेळगाव, निपाणी, खानापूर पट्ट्यात जन्मलेल्या माणसाला तर नंबरप्लेटवरची दोन अक्षरं म्हणजे नुसती अक्षरं नसतात, हेही मला ठाऊक आहे. माझ्या वडिलांना गाडीवर एमएच दिसली की आजही बरं वाटतं. तरी मी तसं केलं नाही. गाडी ज्या गावात झोपते तिथला पत्ता कागदावर हवा. अपघात झाला, विमा मागायची वेळ आली, तर खोट्या पत्त्यावरचा कागद माझ्याच गळ्यात येईल. आणि उद्या विकत घेणारा हुशार असेल तर पहिल्यांदा कागदच वाचेल.

अर्ज दिला. एका खिडकीवर तीन खेपा झाल्या, प्रत्येक वेळी वेगळा कागद कमी. तिसऱ्या खेपेला सगळे कागद स्पायरल बांधून, वर अनुक्रमणिका लावून नेले. एका झटक्यात घेतले. जुनी प्लेट धुऊन, पुसून, सर्व्हिस पुस्तिकेसोबत ठेवली. डॉक्टरांचं मूळ बिलही त्यातच आहे. करासकट आठ लाखांच्या थोडं वर.

२४ ऑगस्ट, रविवार

या आठवड्यात केंद्राची नवी अधिसूचना आली. वीस वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाचा शुल्क वाढला: मोटारीला दहा हजार, दुचाकीला दोन हजार. आपल्या गाडीची मुदत २०२७ला संपते, म्हणजे तेव्हा दहा हजार, अधिक फिटनेस, आणि पुढे दर पाच वर्षांनी तेच.

मिस्त्री विचारत होते, व्हिंटेजमध्ये घालता येत नाही का? नाही. २०२१च्या नियमाप्रमाणे गाडी पन्नास वर्षांची हवी, मूळ रूपात हवी. मग तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नोंदणीचे वीस हजार, दहा वर्षं मुदत, आणि रोजच्या वापराला बंदी. आपली २००२ची, म्हणजे २०५२ उजाडावं लागेल. तेव्हा मी ६७ वर्षांचा असेन.

या मधल्या पट्ट्याचा विचार कोणी करत नाही. पंधरा ते पन्नास. गाडी कायद्याच्या दृष्टीने निव्वळ म्हातारी असते, वारसा नसते. शुल्क वाढतो, फिटनेस कडक होतो, सुटे भाग आटतात. ज्या गाड्या या पस्तीस वर्षांतून पार होतील त्याच पुढे दुर्मिळ ठरतील. दुर्मिळ होण्याची प्रक्रिया म्हणजे बाकीच्या मरत जाणं. मला या शुल्काचा राग येतो, कारण त्याने गाडी जपणारा आणि रस्त्याकडेला सडवणारा यांच्यात फरक केलेला नाही. आमच्या बोळात मागच्या वर्षी दोन जुन्या एस्टीम भंगारात गेल्या. एक तर सुरू होत होती.

२८ सप्टेंबर, रविवार

२२ तारखेपासून नव्या लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला. ऑटोनगरातला एक ओळखीचा जुन्या गाड्यांचा व्यापारी डोक्याला हात लावून बसलाय, पाच-सात वर्षांच्या गाड्यांना विचारणाऱ्यांनी लगेच भाव पाडून मागायला सुरुवात केली. मी विचारलं, जुन्या व्हीटेकला? तो म्हणाला, "त्या मागणारं गिऱ्हाईक वेगळं. त्याला जीएसटी माहीतच नाही." हे बारकाईने ऐकण्यासारखं आहे. फिरायला म्हणून घेतलेली गाडी नव्या गाडीच्या भावाला बांधलेली असते. हवी म्हणून घेतलेली गाडी त्या दोरीतून सुटलेली असते.

आज हिशेब मांडला.

डॉक्टरांनी २००२ला आठ लाख दिले. तेच सात टक्क्यांनी ठेवले असते तर आज सुमारे ३८ लाख झाले असते. त्या वर्षी सोनं तोळ्याला पाच हजारांच्या आसपास होतं, आज एक लाख दहा हजारांच्या वर. त्या आठ लाखांचं सोनं घेतलं असतं तर पावणेदोन कोटींच्या घरात. गाडीचे त्यांना मिळाले १,९०,०००. म्हणजे शोरूममधून नवी गाडी घेऊन "पुढे किंमत येईल" म्हणणाऱ्याने हा आकडा भिंतीला लावून ठेवावा. पहिल्या मालकाला कधीच येत नाही.

टपरीवर लोक मॅक्लारेन एफ१ चं नाव घेतात. खरं आहे, एक एफ१ ऑगस्ट २०२१मध्ये अमेरिकेत पेबल बीचला दोन कोटी डॉलरच्या वर गेली. पण त्या सगळ्या मिळून १०६ बनल्या होत्या, प्रत्येकीचा इतिहास कागदावर. सिटी हजारोंनी बनल्या. आपल्या बाजूची मोजपट्टी वेगळी. आपल्याकडे उदाहरण घ्यायचं तर राजदूत ३५० या मोटरसायकलचं घ्यावं. १९८३ला आली, यामाहाचं आरडी ३५० चं इंजिन, आणि लोकांनी महाग आहे, पेट्रोल पिते म्हणून नाकारली. पोरांनी तेव्हा नुसती बघितली. तीच पोरं चाळिशी-पन्नाशीला आली, हातात पैसा आला आणि गाडी शोधायला निघाली. भाव तिथून चढला. भावाच्या चढाला गाडीचं वय कारण नसतं, तिला सतराव्या वर्षी बघितलेल्या माणसांचं वय कारण असतं. माझंच बघा.

माझा हिशेब: खरेदी १,९०,०००. इंजिन, बेल्ट, होज, माउंट ५८,०००. पत्रा आणि रंग ४६,०००. टायर १८,०००. कागद आणि कर ३१,०००. एकूण ३,४३,०००. माझे रविवार धरलेले नाहीत.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

युनिटमधल्या मशिनांसोबत गाडीचीही पूजा. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. आईने बॉनेटला हळद-कुंकू लावलं आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "हिला आता विकू नकोस."

१९ ऑक्टोबर, रविवार

परवा स्कोडाने नवी ऑक्टाव्हिया आरएस आणली. ४९.९९ लाख, देशात फक्त शंभर, आणि किंमत जाहीर होण्याआधीच सगळ्या बुक. मित्राने फोन केला: "आता २००४च्या आरएसला पण भाव येणार बघ." ती दीडशे बीएचपीची, टर्बो, तिच्या काळात देशात बनणारी सगळ्यात वेगवान म्हणावी अशी. मला वाटतं येईल, पण फक्त ज्या आरएसचा टर्बो, सीटा, चाकं जागेवर आहेत तिला. नव्या गाडीने जुनीचं नाव पुन्हा तोंडावर आणलं, एवढंच. नाव तोंडावर येणं मात्र लहान गोष्ट नाही.

त्यावरून फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्सची आठवण. २००१ची, शंभर बीएचपी, सचिनच्या नावाची एस१० ही ५०० गाड्यांची आवृत्तीही निघाली होती. मुंबईत कुर्ल्याला बनायची. वळणावर ती सिटीपेक्षा सरस, हे मी मान्य करतो. पण पेट्रोल पिणारी म्हणून बदनाम झाली, सेकंडहँडला मातीमोल गेली, आणि मातीमोल गेलेली गाडी कोणी दुरुस्त करत नाही. आता चांगली जीटीएक्स शोधून सापडत नाही. मला पैशासाठीच गाडी घ्यायची असती तर मी सिटी नव्हे, एक न छेडलेली जीटीएक्स शोधली असती.

१ नोव्हेंबर

काळा दिन, सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा. गाव बंद, फेरी. गाडी बाहेर काढली नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

पहाटे साडेपाचला जांबोटी, कणकुंबी. गार हवा, रस्त्यावर गवतकाप्यांच्या सायकली, दोन्ही बाजूंना भात पडलेलं. शंभरेक किलोमीटर येऊन-जाऊन. कुठे गळती नाही, तापमानाचा काटा मध्यावर, तिसऱ्या गिअरला एकदाच पूर्ण खेचली.

पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला होता, ते येऊन भेटले. चाळिशीतलेच. त्यांनी आधी रंगमापक काढला, मग पुस्तिका मागितली, मग जुनी प्लेट हातात घेऊन उलटसुलट बघितली. इंजिन सगळ्यात शेवटी. ३,२५,००० म्हणाले, रोख, आजच. मला समजलं की माझ्या खर्चाला अठरा हजार कमी आहेत, आणि तरी तो भाव खोटा नाही. मार्चमध्ये कोल्हापूरची ती बॉडीकिटवाली बघितली होती, ती अजून विकलेली नाही, मालकाने १,४०,००० पर्यंत उतरवलीय, लाखभर घालून. दोन्ही गाड्या एकाच वर्षाच्या, एकच इंजिन.

चहा पाजला, कुंदा दिला बांधून. गाडी नाही दिली. त्यांनी जाताना विचारलं, दार लावताना हा आवाज अजून असाच येतो का? मी लावून दाखवलं. त्यांनी स्वतः परत एकदा लावलं.

१४ डिसेंबर, रविवार

वापरलेला पण चांगला डिस्ट्रिब्युटर मिळाला, इग्नायटरसकट. बेअरिंग फिरवून बघितलं, खरखर नाही. कपाटात कॉम्प्युटरशेजारी ठेवला. आता दारांची रबरं राहिली. एक रबर मोल्डिंगवाला म्हणतोय, नमुना द्या, डाय बनवू, पण कमीत कमी वीस सेट घ्यावे लागतील. मला चार दारांचा एकच सेट हवाय. उरलेले एकोणीस सेट कोणाकोणाला लागतील त्यांची यादी करायला घेतली. बेळगावात दोन, निपाणीत एक, कोल्हापुरात चार, हुबळी-धारवाडला तीन. दहा झाले. ते पुण्याचे गृहस्थ अकरावे, त्यांना दुसरी गाडी मिळालीय असं परवा कळवलं.

मीटर ८९,१२६. ऑइल बदललं. जाळी काढून बघितली, स्वच्छ.